सुट्या भागांचं माहेर

दिगंबर खांबेट्यांकडे जुना सायलेन्सर विकत घ्यायला जायचं असेल तर माणसाने दाढी करून, शर्ट खोचून जावं. जमल्यास बरोबर घरातलं एखादं वडीलधारं माणूस न्यावं. नुसते पैसे घेऊन गेलेली कितीतरी मंडळी त्यांच्या जिन्यावरून रिकाम्या हाताने उतरताना मी पाहिली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव असतो: मुलगी पसंत पडली होती, पण तिकडून होकार आला नाही.

जिना मला दिसतो, कारण खांबेटे आमच्या डोक्यावर राहतात. सॉल्ट लेकमधल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते आणि दुसऱ्यावर आम्ही, म्हणजे बँकेने कोलकात्याला बदली करून टाकलेला मी आणि माझ्यामागे नाइलाजाने आलेली विनीता. पहिल्याच आठवड्यात छतावरून काहीतरी जड गडगडत गेलं. विनीता म्हणाली, "वर लहान मूल दिसतंय. घरात सायकल चालवतंय."

मी वर गेलो. दार उघडलं ते साठी ओलांडलेल्या, उंच, किंचित वाकलेल्या गृहस्थांनी. दोन्ही हातांनी त्यांनी एक लोखंडी चकती छातीशी धरली होती.

"माफ करा हं. फ्लायव्हील निसटलं," ते म्हणाले. "हलक्या वजनाचं आहे, म्हणून आवाज एवढाच आला. कंपनीचं असतं तर तुमचा पंखा खाली आला असता."

आतून शकुनवहिनींचा आवाज आला, "आधी त्यांना आत तर घ्या! आणि ती खुर्ची दाखवू नका, तिच्यावर ब्रेक बसलेत."

दिगंबररावांचा जन्म कोलकात्यातला. वडील नोकरीसाठी आले ते इथलेच झाले. त्यामुळे दिगंबरराव रिक्षावाल्याशी बंगालीत भांडतात, ऑफिसातल्या गोष्टी इंग्रजीत सांगतात, आणि बोटाला पाना लागला की मराठीत ओरडतात. एका केंद्र सरकारी कार्यालयातून ते निवृत्त झाले. तिथे त्यांनी काय केलं हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो त्यांच्या दृष्टीने फावल्या वेळेचा उद्योग होता. खरा उद्योग हा, वरच्या मजल्यावरचा.

जगात काही माणसं अशी असतात की कंपनीने दिलेल्या गाडीवर त्यांचं समाधान होत नाही. गाडी आणखी जोरात पळावी, वळणावर जमिनीला चिकटावी, निघताना घसा खाकरल्यासारखा आवाज करावा, म्हणून ती इंजिनातले, चाकांतले भाग काढून त्यांच्या जागी ताकदीचे, महागडे, बहुधा परदेशी भाग बसवतात. पुढे लग्न होतं, मूल होतं, गाडी विकायची वेळ येते, आणि हे सगळं उतरवलं जातं. असे उतरवलेले भाग घ्यायचे, साफ करायचे आणि त्याच वेडाच्या दुसऱ्या माणसाला द्यायचे, हा दिगंबररावांचा व्यवहार. कोलकात्यातले बहुतेक सगळे गाडीवेडे त्यांना ओळखतात आणि आदराने 'काकू' म्हणतात. बंगालीत काकांना काकू म्हणतात याची सवय व्हायला मला बरेच दिवस लागले. फोनवर कोणी दणदणीत आवाजात "काकू आछेन?" विचारलं की मी शकुनवहिनींना हाक मारायचो.

आणि हा वेगाचा पुजारी स्वतःची गाडी चालवतो कशी? व्हीआयपी रोडला त्यांच्या शेजारी बसून मी गेलो आहे. एका सायकलव्हॅनने आम्हाला मागे टाकलं. व्हॅनवर कोबी होता. दिगंबरराव शांतपणे म्हणाले, "त्याला घाई असेल."

त्यांच्या धंद्याचे नियम दोनच. पहिला, दोष आधी सांगायचे. तीर्थंकर सेनगुप्ता नावाचा सेक्टर फाइव्हमधला एक इंजिनिअर मुलगा त्यांच्याकडे हेडर घ्यायला आला, तेव्हा मी तिथे चहा पीत होतो. हेडर म्हणजे इंजिनातून निघणारा धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या, आतड्यासारख्या वळलेल्या चार नळ्या. हावड्याच्या एका छोट्या कारखान्यात दिगंबररावांनी समोर उभं राहून त्या वाकवून घेतलेल्या. तीर्थंकरचे डोळे त्यांच्यावरून हटेनात.

"तिसऱ्या नळीला जोडाजवळ केसाएवढी चीर होती, भरून घेतलीय," दिगंबरराव म्हणाले. "थंडीत पहिली दोन मिनिटं टिकटिक आवाज करते. शेजाऱ्यांना आवडणार नाही. पेट्रोल जरा जास्त खाईल. स्वभाव तापट आहे."

"चालेल, काकू."

"तुला चालेल रे. गाडी कुठे उभी करतोस? उघड्यावर? घरी कोण कोण असतं?"

"आई, बाबा, बायको."

"बायकोला माहिती आहे?"

तीर्थंकर पुन्हा नळ्यांकडे बघू लागला. त्याला पुढच्या रविवारी बायकोसह यायला सांगण्यात आलं. ती आली, तिने तो टिकटिक आवाज मोबाइलवर ऐकला, होकार दिला, आणि मग कुठे नळ्या घराबाहेर पडल्या. कोऱ्या गमछ्यात गुंडाळून. दाराशी दिगंबररावांनी दुसरा नियम सांगितला, तो ते प्रत्येकालाच सांगतात. "नकोशी झाली, गाडी विकलीस, बदली झाली, काहीही झालं, तरी भंगारात द्यायची नाही. इथे आणायची. हे तिचं माहेर आहे. केव्हाही ये, दार उघडं आहे."

या नियमामुळे गावभर फिरणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं परत येतात, चार महिने विसावतात आणि नव्या घरी जातात. एक कॅमशाफ्ट, इंजिनातल्या झडपा उघडणारा दांडा, चौथ्यांदा परत आला तेव्हा शकुनवहिनी म्हणाल्या, "याचं कुठे पटतच नाही. दोष याच्यातच असणार." फोर्ट विल्यममधले मेजर कौस्तुभ आमच्याच भागातले, साताऱ्याचे. त्यांनी गाडी जमिनीलगत आणणाऱ्या ठेंगण्या स्प्रिंगांचा एक संच नेला होता. त्यांची बदली सीमेवर झाली तेव्हा जाण्याच्या दिवशी ते गणवेशात, स्प्रिंगा हातात घेऊन तिसरा मजला चढले. "काका, तिकडे रस्ते नाहीत. हिचे हाल होतील," म्हणाले. पुढे ते बदलून परत फोर्ट विल्यमला आले, पण तोवर स्प्रिंगा बेहाला भागातल्या एका दातांच्या डॉक्टरकडे सुखाने नांदत होत्या. मेजरसाहेबांनी तक्रार केली नाही. फक्त विचारलं, "बरी आहे ना?"

माहेर म्हणजे घरातली मागची खोली. ती मुळात नूपुरची, त्यांच्या एकुलत्या एक लेकीची. नूपुर लग्न होऊन बेंगळुरूला गेली आणि महिनाभरात तिच्या पलंगावर चाकं झोपली. लग्नात, पाठवणीच्या वेळी, दिगंबररावांनी जावयाला, अनीशला, बाजूला घेतलं होतं. "दोष आधी सांगतो," ते म्हणाले होते. "चहा झाल्याशिवाय बोलत नाही. रस्त्यावरची सगळी कुत्री आपली समजते. मराठीत बंगाली मिसळते, तुमच्या नागपूरला कळणार नाही." दुसरा नियम सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण शकुनवहिनींनी त्यांच्या पायावर पाय दिला.

गेल्या श्रावणात नूपुरने बातमी दिली. माघात बाळ येणार होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. दिगंबरराव खाली पेढे घेऊन आले आणि आनंदाच्या भरात आमच्या जुन्या गाडीचंही कौतुक करून गेले. एरवी ते तिच्याबद्दल फक्त एवढंच म्हणत असत, "छान आहे. आत पाणी येत नाही ना?"

पेढ्यांचा डबा संपायच्या आत वरून शकुनवहिनींचा निकाल ऐकू आला. आमच्या इमारतीत भिंती पातळ आहेत, आणि त्या दिवशी आवाज जाड होता.

"माझी लेक त्या खोलीत येणार आहे! तिथे पाय ठेवायला जागा नाही, पाळणा कुठे टांगू? त्या नळ्यांना? दिवाळीच्या आत खोली रिकामी पाहिजे. नाहीतर विहीणबाईंनी विचारलंच आहे, नागपूरला घर मोठं आहे, अंगण आहे, बाळंतपण आम्ही करतो म्हणून. मी सरळ हो म्हणून टाकीन."

संध्याकाळी दिगंबरराव पायऱ्यांवर भेटले तेव्हा माझा हात धरून म्हणाले, "हेमंतराव, नूपुर झाली ना, तेव्हा मी दौऱ्यावर होतो. तीन दिवसांनी पाहिली तिला. यावेळी मला दारातच उभं राहायचंय हो." आणि लगेच, लाज वाटल्यासारखं, "खोलीचं होईल. त्यात काय!"

ते लगेच कामाला लागले. गाडीवेड्यांचा व्हॉट्सअॅपवर एक समूह आहे. त्यावर त्यांनी लिहिलं की घरात बाळ येणार आहे, दिवाळीपर्यंत खोली रिकामी करतो आहे, यापुढे नवीन काही ठेवून घेता येणार नाही, ज्याला जे हवं ते येऊन पाहावं. मजकूर साधा होता. मी तो वाचला होता, मला त्यात काहीही चूक दिसली नाही. पण मी पडलो बँकेतला माणूस. गिऱ्हाइकाला 'शाखा बंद होणार आहे' असं सांगितल्यावर काय होतं, हे निदान मला तरी कळायला हवं होतं.

दुर्गापूजा आली. ते चार दिवस कोलकात्यात कोणी काही विकत नाही, घेत नाही, फक्त मंडप बघतं आणि रोल खातं. खांबेट्यांकडेही शांतता होती. दशमीला मूर्तींचं विसर्जन झालं आणि बिजोया सुरू झाली. बिजोया म्हणजे इथल्या लोकांचं दसऱ्याचं सोनं समजा. घरोघरी जायचं, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं, मिठाईचा डबा हातात द्यायचा. रिकाम्या हाताने कोणी जात नाही.

पहिला आला तीर्थंकर. डाव्या हातात संदेशचा डबा. उजव्या हातात, कोऱ्या गमछ्यात गुंडाळलेल्या, चार नळ्या.

"शुभो बिजोया, काकू," तो वाकत म्हणाला. "ही ठेवून घ्या."

"अरे! का? काय झालं हिला?"

"काही नाही, छान चाललंय. पण तुम्ही बंद करताय ना? उद्या मी गाडी विकली तर हिला कोण विचारणार? तुम्ही आहात तोवर घरी आलेली बरी."

दिगंबरराव नाही कसं म्हणणार? आयुष्यभर दारात उभं राहून त्यांनीच सांगितलेलं होतं. त्यातून सणाचा दिवस, पाया पडलेला मुलगा. त्यांनी नळ्या घेतल्या, शकुनवहिनींनी संदेश घेतले.

त्याच्या मागोमाग बेहाल्याचे दातांचे डॉक्टर स्प्रिंगा आणि रसगुल्ले घेऊन आले. हावड्याचे एक काकासाहेब ब्रेकच्या चकत्या आणि नारळाचे लाडू घेऊन, घाटावरून फेरीबोटीने नदी ओलांडून, दोन बस बदलून आले. "चकती बसच्या तिकिटात मोफत आली," ते अभिमानाने म्हणाले. कुणी चाकं आणली, कुणी स्टिअरिंग. कोजागिरीपर्यंत हे चाललं. इथे बिजोया लांबते. आमच्या जिन्यात मिठाईचा आणि ग्रीजचा असा काही एकत्र वास भरला की विनीताला अजूनही राजभोग बघितला की पाना आठवतो.

चौथ्यांदा परत आलेला कॅमशाफ्ट पाचव्यांदा परत आला.

शेवटी आली ती सीट. शर्यतीच्या गाडीतली, दोन्ही बाजूंनी माणसाला मिठी मारणारी लाल सीट. ती मागच्या खोलीत मावेना, म्हणून दिवाणखान्यात टीव्हीसमोर ठेवली गेली. शकुनवहिनी तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या. "लोकांकडे सणाला पाहुणे येतात, जेवतात, जातात," त्या विनीताला म्हणाल्या. "आमच्याकडे सस्पेन्शन मुक्कामाला येतं."

खोली रिकामी व्हायच्याऐवजी दुप्पट भरली होती. दिवाळी तोंडावर आली होती. वहिनी ओरडत नव्हत्या, हे सगळ्यात वाईट लक्षण. त्या फोनवर नागपूरशी हळू आवाजात बोलायला लागल्या.

तेव्हा दिगंबररावांनी स्वतःशीच काहीतरी ठरवलं. एके सकाळी ते मल्लिक बाजारात गेले. सगळ्या शहराच्या गाड्यांचे जुने भाग जिथे शेवटी पोचतात तो हा बाजार. तिथून त्यांनी एक भंगारवाला बोलावला. वजनावर घेऊन जा, सगळं. मला त्यांनी सोबतीला बोलावलं होतं. "लेक आधी," एवढंच म्हणाले आणि खोलीचं दार उघडून बाजूला झाले. चेहरा असा की मला त्यांच्याकडे बघवेना.

भंगारवाला मधल्या वयाचा, धंद्याला पक्का माणूस होता. त्याने काटा टांगला, आधी नळ्या उचलल्या.

"जरा सांभाळून," दिगंबरराव त्याला हिंदीत म्हणाले. "तिसऱ्या नळीला चीर होती, भरलेली आहे. थंडीत टिकटिक करते."

"ठीक है," तो म्हणाला आणि स्प्रिंगांना हात घातला.

"या चारही एकत्रच ठेवा. एकमेकींशिवाय राहिलेल्या नाहीत. तुमच्याकडे कुठे ठेवणार? उघड्यावर? ओल असते का तिथे?"

त्याने कॅमशाफ्ट उचलला.

"याचं जरा... म्हणजे, गुणी आहे. पण नशीब नाही. कोणाकडे देणार याला? घरचे लोक कसे आहेत?"

भंगारवाल्याने कॅमशाफ्ट हळूच, खरंच अगदी हळूच, जमिनीवर ठेवला. काटा उतरवला. रुमालाने हात पुसले.

"बाबूजी," तो म्हणाला, "हम लोहा लेने आए हैं। लड़की देखने नहीं।"

आणि गेला. जाताना वहिनींनी दिलेला एक नारळाचा लाडू मात्र घेऊन गेला, सणाचे दिवस होते म्हणून.

मला हसू फुटत होतं, पण दिगंबरराव त्या लाल सीटमध्ये बसले होते आणि त्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. त्यांनी फोन काढला आणि नूपुरला लावला. स्पीकरवर, कारण चष्मा सापडत नव्हता.

"नूपुर, मला नाही जमलं गं. खोली रिकामी होत नाही. तू नागपूरला जा. तिकडे अंगण आहे. मी येईन तिथे, बाळाला बघायला."

नूपुर म्हणाली, "बाबा, माझा खोलीत आता काय काय आहे?"

दिगंबररावांनी सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता दोषही सांगायला लागले. नूपुर मध्येच म्हणाली, "तो कॅमशाफ्ट परत आला? बेचारा! बाबा, ऐक. मी आणि अनीश भाऊबीजेला चार दिवस येतो. मग बघू. आणि तू रडू नकोस, एकदम."

"मी रडत नाहीये. ग्रीज गेलं डोळ्यात."

त्यांनी फोन ठेवला. उठायला गेले आणि उठता येईना. त्या सीटची रचनाच अशी की बसलेला माणूस वळणावरही हलू नये. मी एक हात धरला, शकुनवहिनींनी दुसरा, आणि ओढून काढलं. ओढता ओढता वहिनी थबकल्या. नवऱ्याचा हात त्यांच्या हातात तसाच राहिला.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "तुमची आई गेली तेव्हा केतकीवन्संचं माहेर संपलं का?"

केतकीताई म्हणजे दिगंबररावांची मोठी बहीण. दरवर्षी उन्हाळ्यात इंदूरहून येते, सगळ्यांना शिस्त लावते आणि आंबे संपले की जाते.

"संपेल कसं? आपल्याकडे येते की ती."

"हां. म्हणजे आई-बापांच्याने होईनासं झालं की माहेर भावाकडे जातं. मग या तुमच्या लेकींना भाऊ नाहीत का? सगळ्या गावाकडून काकू म्हणवून घेता! ती मुलं म्हणजे नूपुरचे भाऊच की. तुमचा नियम काय, भंगारात द्यायचं नाही. बरोबर. पण माहेर या एकाच खोलीत असलं पाहिजे, हा नियम कधी केलात?"

दिगंबरराव तोंड उघडं टाकून बघत राहिले. तीस वर्षं ज्या बाईने या सामानाला शिव्या दिल्या, तिलाच त्याचं व्याकरण त्यांच्यापेक्षा नीट पाठ होतं.

"पण ते ठेवून घेतील?" ते पुटपुटले. "विकतील, गंजवतील..."

"तुम्ही घरची चौकशी करूनच दिल्यात ना? मग आता कसली शंका?"

दिगंबररावांनी आपला फोन त्यांच्या हातात दिला.

फोन वहिनींनी केले, स्वतः, एकेकाला. त्यांच्या बंगालीत क्रियापदं कमी आणि हुकूम जास्त असतात. "नूपुर येते आहे. भाईफोंट्याला या. रिकाम्या हाताने या. ऐकलंस? रिकाम्या हाताने!" हे त्यांनी प्रत्येकाला दोनदा सांगितलं.

आपली भाऊबीज आणि इथला भाईफोंटा एकाच दिवशी येतात. आपल्याकडे बहीण ओवाळते, इथे करंगळीने भावाच्या कपाळाला चंदनाचा टिळा लावते. नूपुर आली ती सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, अनीशच्या खांद्यावर एक हात ठेवून. तिने आधी आपल्या खोलीत डोकावून पाहिलं, एकेका वस्तूला नावाने ओळख दिली, मग बाहेर येऊन म्हणाली, "आई, माझी कंबर गेली. कुठे बसू?"

एकच जागा रिकामी होती. ती लाल सीटमध्ये बसली. डोळे मिटले. "आ हा हा," म्हणाली. "बाबा, हे कोणाला द्यायचं नाही."

मग तिथेच बसून तिने सगळ्यांना टिळे लावले. पाटावर बसायचं भावाने, पण इथे बहीणच उठू शकत नसल्यामुळे भावांना गुडघ्यावर यावं लागलं. तीर्थंकर, दातांचे डॉक्टर, मेजरसाहेब, हावड्याचे काकासाहेबसुद्धा. ते तिच्या बापाच्या वयाचे, पण म्हणाले, "आज मी भाऊ." आधी चंदन, मग आपली ओवाळणी, मग चिवडा आणि पायेश, म्हणजे इथली तांदळाची खीर. तीर्थंकर ताटात घालायला खिशात हात घालू लागला तशी नूपुर म्हणाली, "ना ना, ओवाळणी घालायची नाही. उलट घेऊन जायची. मला माझा खोली पाहिजे. तुम्ही मामा होणार आहात, तर मामाच्या घरी सामान ठेवा. कोणाला लागलं तर द्या, परत आलं तर घ्या. बाबांनी जसं केलं तसं."

"दोष आधी सांगून," मागून दिगंबरराव म्हणाले.

त्यांना वाटलं होतं की आपल्याला फार जड जाईल. पण वेळ मिळाला तर जड जाणार! खोलीच्या दारात ते उभे होते आणि एकेकाला विचारत होते. घरात ओल आहे का? माडीवर ठेवणार की खाली? मांजर आहे? मांजर स्प्रिंगवर झोपलं तर चालेल, पण केस काढायचे. कॅमशाफ्ट कोणी घ्यायचा यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. मेजरसाहेब पुढे झाले. "आमच्या क्वार्टरमध्ये राहील, काका. फौजेत बऱ्याच जणांचं असंच असतं. रुळतात."

कोणी टॅक्सीत घातलं, कोणी स्कूटरच्या पुढ्यात. जिन्यातून वरात निघाली. आम्ही दोघं दुसऱ्या मजल्यावरच्या दारात उभं राहून बघत होतो. विनीताने नकळत एका चाकावर अक्षता टाकल्या.

संध्याकाळी दिगंबरराव रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे होते. बोललं की आवाज घुमत होता. त्यांनी भिंतीवरचा ग्रीजचा डाग अंगठ्याने पुसून पाहिला, तो आणखी पसरला. "पाळणा इथे," ते म्हणाले. "खिडकीपासून दूर. वारा लागतो." आणि नूपुरने नागपूरला फोन लावून सासूबाईंना सांगितलं की त्यांचं अंगण पुढच्या उन्हाळ्यात बघू, आत्ता ती कोलकात्यालाच राहते आहे.

माघात मुलगी झाली. दिगंबरराव दवाखान्याच्या दारातच उभे होते, आदल्या दिवसापासून. पाहुण्यांसाठी खुर्च्या आहेत, असं त्यांना दोनदा सांगण्यात आलं. ते बसले नाहीत.

बाळ घरी आल्यावर मामामंडळी बघायला आली. संदेश होते, झबली होती, हावड्याहून एक छोटासा खुळखुळा होता, त्याच कारखान्यात बनवलेला, आतले छर्रे बेअरिंगचे. नूपुर लाल सीटमध्ये मांडी घालून बसली होती. दिगंबररावांनी दुपट्यात गुंडाळलेली नात दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फ्लायव्हील धरलं होतं अगदी तशी. फक्त आता ती निसटण्याची काही शक्यता दिसत नव्हती.

"दोष आधी सांगतो," त्यांनी सुरुवात केली. सगळे गंभीर होऊन ऐकू लागले. "पहाटे कोणालाही झोपू देत नाही. आवाज सायलेन्सर नसल्यासारखा. दर दोन तासांनी टाकी भरावी लागते. डावा कान जरा दुमडलेला आहे, डॉक्टर म्हणाले सरळ होईल."

"आणि गुण, काकू?" तीर्थंकरने विचारलं.

दिगंबररावांनी नातीकडे पाहिलं. तिने एक जांभई दिली. त्यांनी तिच्या हनुवटीखालचं दुपटं नीट खोचलं.

"गुण अजून कळायचेत," ते शेवटी म्हणाले. "नवं इंजिन आहे, रनिंग-इन चालू आहे. पहिली काही वर्षं चाळीसच्या वर न्यायची नाही."

"तुमच्याबरोबर असल्यावर कशाला जातेय!" स्वयंपाकघरातून शकुनवहिनी म्हणाल्या, आणि सगळ्यांना चहा घेऊन बाहेर आल्या.